तिसऱ्या मिनिटाची धाप

नवखा माणूस पळायला लागला की पहिलं मिनिट छान जातं. पहाटेची हवा गार असते, पाय आपोआप पडत असतात. दुसऱ्या मिनिटाला तोंड उघडतं. तिसऱ्या मिनिटाला छाती धपापायला लागते, घसा कोरडा पडतो, बरगडीखाली कळ येते आणि तो मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो. शेजारून पासष्टीच्या आजी झपझप चालत पुढे निघून जातात. त्या वेळी त्याच्या मनात हमखास येतं, ‘हे आपलं काम नव्हे.’ कितीतरी जणांचं पळणं तिथेच संपतं आणि ते बघून फार वाईट वाटतं, कारण त्या धापेचा त्यांनी काढलेला अर्थ चुकीचा असतो.

त्या तीन मिनिटांत शरीरात काय होतं ते आधी पाहू. निवांत बसलेल्या सत्तर किलो वजनाच्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन पुरतो. तोच माणूस अगदी हळू पळू लागला तरी ही गरज दोन लिटरच्या आसपास जाते, म्हणजे जवळजवळ आठपट. स्नायूंची ही मागणी पहिल्या पावलालाच सुरू होते. हृदय आणि फुप्फुसं मात्र एवढ्या झटक्यात वेग घेत नाहीत. त्यांना दोन-तीन मिनिटं लागतात. विहिरीवरची मोटर चालू केली तरी पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायला वेळ लागतोच, तसंच हे. तोवर स्नायू जवळच्या शिलकीवर भागवतात आणि ऑक्सिजनशिवायच साखर मोडून ऊर्जा काढतात. पळण्याचा वेग बेताचा असेल तर थोड्या वेळात पुरवठा मागणीला गाठतो आणि श्वास एका लयीत बसतो. वेग जास्त असेल तर ती गाठ पडतच नाही. रक्तातली आम्लता वाढते, कार्बन डायऑक्साइड साचू लागतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी मेंदू श्वास आणखी जोरात घ्यायला लावतो. हीच ती धाप.

त्या क्षणी ‘श्वास पुरत नाही’ असं वाटतं, तरी निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन फारसा घटलेला नसतो. कोविडच्या काळात घरोघरी आलेलं ऑक्सिमीटर तेव्हा बोटाला लावलं, तर आकडा जवळपास नेहमीचाच दिसेल. म्हणजे फुप्फुसं नीट काम करत असतात. फक्त ज्या वेगाने आपण सुटलो, तो आजच्या घडीला शरीराला पेलणारा नसतो.

मग आपण एवढ्या वेगाने सुटतो तरी का? कारण पळणं म्हणजे शर्यत, हेच लहानपणापासून आपल्या मनात बसलेलं असतं. शाळेच्या क्रीडा महोत्सवात शिट्टी वाजली की जीव खाऊन धावायचं आणि पन्नास-शंभर मीटरवर थांबायचं, एवढंच पळणं बहुतेकांनी केलेलं असतं. पुढे पहाटेच्या रस्त्यावर दिसतात ती पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली. १६०० किंवा ८०० मीटरचं अंतर घड्याळ लावून कापायचं आणि सेकंदासेकंदाला गुण मोजायचे, ही त्यांची गरज आहे. त्यांच्याकडे पाहून चाळिशीतला माणूस तोच वेग धरू पाहतो. त्याच्यापुढे तर कुठलीच भरती नसते.

किती हळू पळायचं याचा अंदाज अनेकांना येत नाही, म्हणून आकड्यात सांगायला हवं. भरभर चालणारा माणूस ताशी सहा किलोमीटरच्या आसपास जातो. सातच्या पुढे चालणंच अवघड होतं आणि पाय आपसूक पळू पाहतात. नवख्याने पळायचं ते तिथेच, साडेसहा ते साडेसातच्या वेगाने. म्हणजे ऐन जोशात चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीने, कधी त्याच्या मागेसुद्धा. पावलं लहान टाकायची, पाय शरीराच्या खालीच पडू द्यायचा, लांब ढांग टाकून टाच पुढे आपटायची नाही. खांदे सैल सोडायचे. बघणाऱ्याला ते पळणं वाटलं नाही तरी चालेल. पळताना दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात, चालताना एक तरी पाय टेकलेला असतो. फरक एवढाच आहे. ते क्षणभर सुटणं तुम्हाला साधत असेल तर तुम्ही पळत आहात.

हा हळूपणा म्हणजे दुबळ्यांना दिलेली सवलत आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्याने आर्थर लिडियार्ड या माणसाची गोष्ट वाचावी. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करायचा. रग्बी खेळलेला असल्यामुळे आपण धडधाकट आहोत अशी त्याची समजूत होती. तिशीला टेकला असताना एका अॅथलेटिक क्लबचे वयस्कर अध्यक्ष जॅक डोलन त्याला आपल्याबरोबर पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर, पळायला घेऊन गेले. डोलन आरामात पळत राहिले आणि लिडियार्डचा जीव कासावीस झाला. आत्ताच ही गत, तर पन्नाशीत आपलं काय होईल, हा विचार त्याला सोडेना. मग त्याने स्वतःच्या शरीरावरच प्रयोग सुरू केले. कधी फार कमी पळून पाहिलं, कधी अंगाबाहेर जाईल इतकं पळून पाहिलं. त्यातून त्याच्या हाती लागलं ते असं, की दमसास वाढतो तो धाप न लागता केलेल्या भरपूर पळण्यातून. वेगाचं काम त्यानंतर आणि थोडंच.

या पद्धतीने त्याने आसपासच्या पोरांना तयार केलं. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांतल्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॉलबर्गने ५००० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. बॅरी मॅगीला मॅरेथॉनचं कांस्यपदक मिळालं. पण मला लिडियार्डचं त्याहून मोठं वाटणारं काम त्यानंतरचं आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाने पडून राहावं, फार तर बेताने हिंडाफिरावं, असा सल्ला त्या काळी सर्रास दिला जायचा. लिडियार्डने अशा पोट सुटलेल्या, घाबरलेल्या, मध्यमवयीन लोकांना एकत्र केलं आणि हळूहळू पळायला लावलं. आधी एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत इतकंच. ‘कमवा, पण ताणू नका’ हे त्याचं सांगणं.

१९६२च्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचा नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन लिडियार्डला भेटायला आला. पुढे नाइकी झालेल्या कंपनीचा हा सहसंस्थापक. तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा होता. देशातले उत्तमोत्तम धावपटू त्याने घडवले होते, पण स्वतः मैदानाच्या कडेला घड्याळ धरून उभा राहण्यापलीकडे फारसा हलत नव्हता. रविवारी सकाळी लिडियार्ड त्याला आपल्या मंडळींबरोबर टेकडीवर घेऊन गेला. थोड्याच वेळात बॉवरमन मागे पडला, इतका की घोळका दिसेनासा झाला. त्याच्यासाठी एकच जण मागे थांबला, अँड्र्यू स्टीडमन. वय सत्तरीच्या पुढे, हृदयविकाराचे तीन झटके येऊन गेलेले. हे आजोबा बॉवरमनच्या बाजूने पळत राहिले आणि सारा वेळ त्याच्याशी गप्पा मारत राहिले. उत्तर द्यायलाही बॉवरमनला श्वास उरला नव्हता.

बॉवरमन न्यूझीलंडमध्ये सहा आठवडे राहिला आणि त्या मंडळींबरोबर पळत राहिला. मायदेशी परतल्यावर त्याने आपल्या युजीन गावातल्या सामान्य लोकांना पळायला बोलावलं. सुरुवातीला थोडे जमले, पुढच्या खेपांना गर्दी इतकी वाढली की कुणाला काही झालं तर काय, या धास्तीने त्याने लोकांना घरी पाठवलं आणि आधी एका हृदयरोगतज्ज्ञाला, डब्ल्यू. ई. हॅरिस यांना, सोबत घेतलं. दोघांनी मिळून १९६७ साली ‘जॉगिंग’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. ते अमेरिकेत घरोघरी पोचलं. त्याआधी रस्त्यावर पळणारा मोठा माणूस दिसला की लोक चमकून पाहायचे. ती नवलाई ओसरायला या पुस्तकाने मोठा हातभार लावला.

स्टीडमन यांच्या त्या गप्पांतच नवख्याचं सगळ्यात भरवशाचं मोजमाप आहे. पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय का, एवढं बघायचं. ‘काल आमच्याकडे पाहुणे आले होते, म्हणून झोपायला उशीर झाला’ हे न अडखळता म्हणता आलं, तर वेग योग्य. ‘काल... आमच्याकडे...’ इथेच श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त. एकटे असाल तर एखादं स्तोत्र किंवा पाढे पुटपुटत पळा. मनगटावरच्या घड्याळातले हृदयाचे ठोके पाहणाऱ्यांनीही हे करून पाहावं. वयावरून काढलेले ठोक्यांचे हिशोब माणसागणिक बरेच चुकतात.

इतक्या हळू पळूनही धाप लागली तर? लागणारच, सुरुवातीला बऱ्याच जणांना लागते. मग चालायचं. मात्र थकून चालण्याची वेळ येण्याआधीच चालायचं, यात सगळं आलं. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला अमेरिकी जेफ गॅलोवे १९७४पासून नवख्यांना असंच शिकवू लागला: ठरवून थोडं पळा, ठरवून थोडं चाला, पुन्हा पळा. १९९६मध्ये जॉश क्लार्क नावाच्या तरुणाने आपल्या आईला पळायला लावण्यासाठी नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम आखला. तो आज जगभर वापरला जातो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनेही तो आपला केला. त्याचा पहिला आठवडा असा: पाच मिनिटं भरभर चालून अंग गरम करायचं, मग साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, हे आलटूनपालटून वीस मिनिटं. आठवड्यातून तीनदाच, मध्ये एक दिवस सुट्टी. पळण्याचे तुकडे आठवड्यागणिक लांबत जातात, चालण्याचे कमी होतात आणि नवव्या आठवड्यात माणूस सलग अर्धा तास पळतो.

साठ सेकंद हे वाचून अनेकांना कमीपणा वाटतो. पहिल्या दिवशी वीस मिनिटं संपल्यावर ‘अजून जमलं असतं’ असं वाटलं पाहिजे. ते वाटणं घेऊन घरी गेलेला माणूस परवा पुन्हा येतो. दमून, पाय ओढत गेलेला येईलच असं नाही. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करायचा. नऊ आठवड्यांचे बारा झाले, पंधरा झाले, तरी काहीही बिघडत नाही.

या आठवड्यांत शरीर काय काय करतं ते कळलं की धीर येतो. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागतं. जिना चढताना हा फरक सर्वांत आधी जाणवतो. मग महिना-दीड महिन्यात स्नायूंच्या पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पळून झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या ठणकतात. तेही या बदलाचंच एक अंग आहे. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ते दुरुस्त होताना अधिक मजबूत होतात. ‘अंगात अॅसिड साचलं’ म्हणून ते दुखत नाही. लोक ज्याला अॅसिड म्हणतात ते लॅक्टेट पळणं संपल्यावर तास-दीड तासात निघून गेलेलं असतं.

इथे एक धोका आहे आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगणं मला आवश्यक वाटतं. दमसास आठवड्यांत वाढतो. हाडं आणि स्नायूबंध मात्र महिन्यांच्या हिशेबाने बदलतात. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीचपट भार पायावर येतो. हा नवा भार पडू लागला की हाड आधी आतून थोडं पोखरलं जातं, जुना भाग काढला जातो, आणि मग त्या जागी नवं, अधिक भक्कम हाड भरलं जातं. काढणं लवकर होतं, भरणं सावकाश. पूर्ण फेरीला तीन-चार महिने लागतात. म्हणजे सुरुवातीच्या काही आठवड्यांत नडगी आणि पंजाची हाडं काही काळ उलट किंचित कमकुवत असतात. नेमकं तेव्हाच श्वास मोकळा झालेला असतो, उत्साह दुणावलेला असतो आणि माणूस रोज पळायला लागतो. प्रशियाच्या सैन्यातला डॉक्टर ब्राइटहाउप्ट याने १८५५ सालीच, लांब कूच करणाऱ्या सैनिकांचे पाय सुजून दुखतात अशी नोंद केली होती. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळलं की त्या हाडांना बारीक चिरा गेलेल्या असत. नव्या रंगरुटांमध्ये हा त्रास आजही दिसतो.

म्हणून पाचव्या-सहाव्या आठवड्यात सगळं सोपं वाटू लागलं तरी आठवड्यातून तीनदाच, हा नियम मोडू नका. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर दुखत असेल आणि चालता चालता कमी होत असेल, तर अंतर कमी करून काही दिवस बघा. एकाच जागी, बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर पळणं बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. आणि मित्रांनी मुंबई मॅरेथॉनसाठी किंवा यवतेश्वरचा घाट चढवणाऱ्या साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलं म्हणून पहिल्या तीन महिन्यांत तुम्हीही नोंदवू नका. एकवीस किलोमीटर, त्यातही घाटाचे, हा पुढच्या वर्षाचा विषय आहे.

छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणं, चक्कर येणं, ठोके अनियमित पडल्यासारखं वाटणं, यांतलं काहीही झालं तर ताबडतोब डॉक्टर गाठायचा. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात कुणाचा कमी वयात हृदयविकाराने मृत्यू झाला आहे त्यांनी सुरुवात करण्याआधीच तपासणी करून घ्यावी. बरगडीखालची कळ मात्र साधी असते. चालत राहून खोल श्वास सोडले की जाते. पोहे-उपमा खाऊन लगेच पळालात तर ती येण्याची शक्यता अधिक. पळण्याआधी फार तर अर्धं केळं पुरे.

बुटांबाबत एकच सांगते: दुकानात संध्याकाळी जा, कारण तोवर पाय थोडे फुगलेले असतात, आणि सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडणारा बूट घ्या. किमतीच्या मागे लागू नका. बायकांनी मात्र चांगल्या स्पोर्ट्स ब्रावर पैसे खर्च करावेत. पळणं सोडण्यामागे कधी कधी हेही न बोललं जाणारं कारण असतं.

आपल्याकडे पळण्याच्या अडचणी शरीराबाहेरच्याही आहेत आणि त्यांना क्षुल्लक म्हणणं अन्यायाचं होईल. शेजारपाजारचे ‘कुठे चाललात एवढ्या पहाटे?’ विचारतात. नाक्यावरची मुलं टक लावून पाहतात. कॉलनीच्या वळणावर चार कुत्री अंगावर येतात. साडेसहाचा डबा, सातची स्कूलबस, पाणी यायची वेळ या सगळ्यातून वीस मिनिटं काढायची म्हणजे घरातल्या कुणाला तरी गॅसजवळ उभं राहावं लागतं. नवऱ्याने आठवड्यातले तीन दिवस डब्याची जबाबदारी घेतली, तर ती मदत कुठल्याही महागड्या घड्याळाहून मोठी आहे. माझ्या ओळखीच्या एक बाई ओढणी कमरेला घट्ट बांधून शाळेच्या मैदानावर पळतात. पहिले काही दिवस त्यांनी मैत्रिणीला कठड्यावर बसवून ठेवलं होतं. पुढे मैत्रीणही चालायला लागली, आणि आता चालण्याच्या तुकड्यात दोघी बरोबर असतात. कुत्री भुंकली तर पळणं ताबडतोब थांबवा, चालायला लागा, पाठ फिरवू नका. डांबरी रस्त्यावर पळत असाल तर कडेचा उतार टाळा. एकाच बाजूने रोज पळालं की एक पाय कायम खाली पडतो आणि गुडघा कुरकुरतो. शाळेचं मातीचं मैदान मिळालं तर उत्तम, फक्त फेरीची दिशा मधून मधून बदला.

हवेचाही विचार करा. कोकणात आणि मुंबईत दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि बरंचसं रक्त त्वचेकडे वळवावं लागतं. स्नायूंच्या वाट्याचं कमी होतं. तोच वेग पुण्यात सोपा वाटतो आणि दादरला धाप लावतो, यात तुमची तब्येत बिघडलेली नसते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सूर्य उगवण्याआधीच आटपा. उन्हाळा सुरू झाला की अंगाला नव्या उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर पळण्याचे तुकडे मुद्दाम लहान ठेवा.

राहिला प्रश्न खाड्याचा. तो पडणारच. गणपती येतील, दिवाळी येईल, मुलांच्या परीक्षा, ऑफिसचं ऑडिट, घरात कुणाचं दुखणं-खुपणं. ताप असेल तर पळू नका. ताप उतरल्यावरही दोन-तीन दिवस नुसतं चाला. आठवडा बुडाला तर मागचा आठवडा पुन्हा करा. दोन-तीन आठवडे बुडाले तर दोन-तीन आठवडे मागे या. महिना-दोन महिने गेले तर सरळ पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करा. कमावलेलं सगळं गेलेलं नसतं. रक्तातला द्रवभाग लवकर घटतो, पण स्नायूंमधले बदल हळूहळू उतरतात, म्हणून दुसऱ्या खेपेला सुरुवातीचे आठवडे बरेच सोपे जातात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पळालेल्या दिवसापुढे पेन्सिलीने खूण करत गेलात, तर कुठल्या आठवड्यावर परत यायचं ते शोधावं लागत नाही.